शिकागो ते शिकागो: बेसबॉलची मैदानं आणि शहरं पाहत सहकुटुंब रोड ट्रिप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात राहणारी मराठी कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीत हा बेत आखतात, आणि त्याच सुमारास भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरेही आलेले असतात. मुलांना मैदान हवं असतं, आजी-आजोबांना शहर बघायचं असतं आणि गाडी चालवणाऱ्याला झोप हवी असते. या तिन्ही गोष्टी जमवता येतात, मी जमवलेल्या आहेत. मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे उत्तरांसह देतो आहे.

नेमका मार्ग कोणता?

शिकागो, सेंट लुइस, लुइव्हिल, सिनसिनाटी, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि परत शिकागो. एवढा फेरा साधारण १५५० मैलांचा होतो. मिलवॉकी जोडलं तर जाऊन-येऊन आणखी १८० मैल. शिकागो ते सेंट लुइस ३०० मैल, पिट्सबर्ग ते क्लीव्हलंड फक्त १३५, क्लीव्हलंड ते डेट्रॉइट १७०. सर्वांत लांबचा टप्पा सेंट लुइस ते सिनसिनाटी, पण तो लुइव्हिलला मोडता येतो. बारा दिवस हाताशी असतील तर आरामात होतं. दहा दिवसांत होतं, पण मग एखादं संग्रहालय सोडावं लागतं.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. किती मैदानं 'झाली' हे मोजत गेलात तर ही सहल फसते. या सातही शहरांमध्ये मैदान वस्तीतच आहे, बहुतेक ठिकाणी तर नदीकाठी किंवा ऐन डाउनटाउनमध्ये. संध्याकाळी सात वाजता सगळं गाव एकाच दिशेने चालत निघालेलं असतं. त्या गर्दीबरोबर चालत जाणं हीच त्या शहराची पहिली ओळख. म्हणून एका शहरात एकच सामना, आणि उरलेला वेळ शहराला द्यावा.

आम्हाला बेसबॉलमधलं काहीच कळत नाही. चालेल का?

चालेल. क्रिकेट कळणाऱ्याला अर्ध्या तासात पुरेसं कळतं. नऊ डाव असतात, प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन बाद झाले की बाजू बदलते. चेंडू टप्पा न घेता थेट येतो. समोरच्या नव्वद अंशांच्या कोनात फटका गेला की पळावंच लागतं, 'नको, थांबतो' म्हणायची सोय नाही. चारही बेस (चौकोनाच्या कोपऱ्यांवरचे थांबे) पुरे केले की एक धाव. त्यामुळे ५-३ हा अगदी नेहमीचा निकाल आहे, आणि एकेका धावेची किंमत आपल्या वीस-पंचवीस धावांइतकी.

वेळेची चिंताही आता करू नका. २०२३ पासून पिचरला ठराविक सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो, समोर घड्याळ उलटं धावत असतं. त्यामुळे सामना बहुधा पावणेतीन तासांच्या आत संपतो. सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहून गाणं म्हणतं, तेव्हा तुम्हीही उभे राहा. माझे सासरे आयुष्यभर कसोटी क्रिकेट ऐकत-बघत आलेले. तिसऱ्या डावापर्यंत ते गप्प होते, आणि पाचव्या डावात पिचर कधी बदलायला हवा हे शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते.

तारखा कशा जुळवायच्या?

आधी सामने बघा, मग हॉटेल. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. संघ आठवडाभर घरी, मग आठवडाभर बाहेर असं चक्र असतं. त्यामुळे सगळ्या शहरांतले घरचे सामने ओळीने मिळणं कठीण जातं. कागदावर शहरांचे रकाने करून तारखा भरा. शिकागोहून घड्याळाच्या काट्याप्रमाणे जमत नसेल तर उलटा फेरा करून बघा, पुष्कळदा तो जमतो. सोमवार आणि गुरुवार हे प्रवासासाठी बरे, कारण त्या दिवशी अनेक संघांना सुट्टी असते. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सामन्यासाठी तीन-चार दिवस सगळीकडचे नेहमीचे सामने बंद असतात. त्या आठवड्यात निघू नका.

जून सर्वांत चांगला. ऑगस्टमध्ये सेंट लुइसचा उकाडा नागपूरकरांनाही नको होतो, कारण तो दमट असतो.

शिकागोत रिग्ली फील्ड चुकवू नका असं सगळे का सांगतात?

कारण तसं मैदान आता फारसं उरलेलं नाही. १९१४ चं बांधकाम, आजूबाजूला राहती घरं, आणि पलीकडच्या इमारतींच्या गच्च्यांवरही बसून सामना बघणारे लोक. मैदानाच्या हद्दीवरच्या विटांच्या भिंतीवर १९३७ मध्ये लावलेली वेल आहे. चेंडू त्या पानांत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दुसरा बेस मिळतो. धावफलकाचे आकडे आजही आत बसलेली माणसं हाताने बदलतात. इथे दिवे लागले ते थेट ऑगस्ट १९८८ मध्ये, तोवर इथल्या शिकागो कब्स (Cubs) संघाचे सगळे घरचे सामने उन्हात झाले. आजही कब्स संघाचे बरेच सामने दुपारी असतात. दुपारचाच निवडा, मैदान त्यासाठीच आहे. १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये हा संघ पुन्हा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचं अंतिम विजेतेपद, जिंकला, म्हणजे तीन पिढ्या वाट बघत होत्या. सामना जिंकला की 'डब्ल्यू' लिहिलेलं पांढरं निशाण चढतं, ते बघितल्याशिवाय उठू नका.

गाडी नेऊ नका. रेड लाइनने ॲडिसन स्टेशनला उतरलं की मैदान समोरच आहे. या फेऱ्यातली सर्वांत महाग तिकिटं इथलीच, तेव्हा मधल्या वारचा सामना बघा.

शहरात मिलेनियम पार्कमधला तो चकचकीत 'बीन' मुलं सोडत नाहीत. तो करणारा शिल्पकार अनिश कपूर मुंबईत जन्मलेला, हे त्यांना जरूर सांगा. तिथून चालत पाच मिनिटांवर आर्ट इन्स्टिट्यूट आहे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ते याच इमारतीत, आणि समोरच्या रस्त्याच्या त्या भागाला त्यांचं नाव दिलेलं आहे. आमच्याकडच्या ज्येष्ठांनी तिथल्या पाटीसमोर जितका वेळ घालवला तितका विलिस टॉवरवर घालवला नाही. लिंकन पार्क प्राणिसंग्रहालय मोफत आहे. निघण्याआधी डेव्हन ॲव्हेन्यूला जाऊन पोहे, फरसाण, लोणचं, दुधी, मिरच्या जे काय हवं ते भरून घ्या.

मिलवॉकीला वेगळं जावं का?

एक मोकळा दिवस असेल तर जा. मैदानाला सरकतं छत आहे, त्यामुळे पाऊस असला तरी सामना होणारच. सॉसेजचे वेष केलेल्या माणसांची शर्यत लागते, त्यावर लहान मुलं जाम खूष. सरोवराकाठचं कला संग्रहालय सांतियागो कालात्रावा यांनी बांधलं आहे, त्याचे मोठाले पंख उघडताना-मिटताना दिसतात.

सेंट लुइसला काय बघायचं, आणि वाटेत काय?

वाटेत स्प्रिंगफील्ड लागतं. लिंकन यांचं घर, त्यांची समाधी आणि संग्रहालय तिथे आहे. तीन तास द्या.

सेंट लुइसची कमान ६३० फूट उंच आहे आणि बुश स्टेडियममध्ये होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागे बसलं की ती समोर दिसते. कमानीच्या आतून वर जायला पाच-पाच जणांचे छोटे डबे आहेत. ज्यांना बंद जागेत घाबरायला होतं त्यांनी जाऊ नये. गुडघे दुखणाऱ्यांनीही नको, वर पायऱ्या आहेत. खालचं संग्रहालय मोफत आणि सुरेख आहे, ज्येष्ठांना तिथे बसवून बाकीच्यांनी वर जाऊन यावं. फॉरेस्ट पार्कमधलं प्राणिसंग्रहालयही मोफत. कार्डिनल्स संघाने अकरा वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली आहे, आणि लाल कपडे घातलेले तिथले लोक खेळ फार मन लावून बघतात. पहिल्यांदा बेसबॉल बघणाऱ्याने अशा प्रेक्षकांत बसावं.

लुइव्हिलमध्ये तर मोठा संघच नाही. मग तिथे का थांबायचं?

बॅटसाठी. लुइव्हिल स्लगर बॅटचा कारखाना आणि संग्रहालय तिथे आहे. दारात १२० फुटी बॅट इमारतीला टेकून उभी आहे. आत लाकडाच्या ओंडक्यातून बॅट कशी कातली जाते ते डोळ्यांसमोर दिसतं, भुसा उडतो, ताज्या लाकडाचा वास येतो, आणि बाहेर पडताना प्रत्येकाला एक छोटी बॅट मिळते. विलो आणि मेपल यांतला फरक आजोबांनी नातवाला समजावून सांगायला याहून चांगली जागा नाही. भारतात परतणाऱ्यांनी ती बॅट चेक-इन बॅगेत ठेवावी, हातातल्या सामानात नको.

या टप्प्यावर घड्याळ एक तास पुढे जातं. त्या संध्याकाळचा सिनसिनाटीचा सामना धरला असेल तर हा तास हिशेबात घ्या.

सिनसिनाटीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ते वगळावं का?

अजिबात वगळू नका. उघडपणे व्यावसायिक खेळाडूंचा पहिला संघ १८६९ मध्ये इथेच उभा राहिला, आणि मैदानाला लागून रेड्स संघाचं स्वतःचं संग्रहालय आहे. मैदान ओहायो नदीच्या काठावर आहे. पलीकडच्या केंटकीत हॉटेल घ्या आणि रोबलिंग पुलावरून चालत सामन्याला या. १८६६ चा हा झुलता पूल जॉन रोबलिंग यांचा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाआधीचा. होम रन (आपल्या षटकारासारखा थेट कुंपणापलीकडे गेलेला फटका) झाला की मैदानातल्या बोटीच्या धुरांड्यांतून फटाके उडतात. तान्हं बाळ बरोबर असेल तर कान झाकायची सोय ठेवा.

सगळ्यांत सुंदर मैदान कोणतं?

पिट्सबर्गचं. यावर मी वाद घालायला तयार आहे.

पीएनसी पार्क २००१ मध्ये ॲलेगेनी नदीच्या काठावर बांधलं. समोर नदी, नदीवर पिवळा पूल, पुलापलीकडे डाउनटाउनच्या इमारती, आणि हे सगळं आपल्या खुर्चीतून. तो पूल रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावाचा आहे आणि सामन्याच्या दिवशी गाड्यांना बंद असतो, मधोमध लोक चालतात. क्लेमेंटे पोर्तो रिकोचे. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेत, त्यांच्या नावावर बरोबर ३००० हिट्स (बेस मिळवून देणारे फटके) आहेत. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्यांचं विमान समुद्रात कोसळलं. त्यांचा क्रमांक २१, म्हणून उजवीकडची भिंत २१ फूट उंच ठेवली आहे. पुलावरून जाताना मुलांना ही गोष्ट सांगा, मग ती भिंत त्यांना आपोआप दिसते.

आपल्यासाठी या संघाचं आणखी एक नातं आहे. भारतात घेतलेल्या एका स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन तरुणांना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं करारबद्ध केलं. दोघेही भालाफेक करणारे, बेसबॉल त्याआधी खेळलेले नव्हते. मेजर लीगपर्यंत दोघांतलं कुणी पोचलं नाही, पण त्या वाटेवर चाललेले पहिले भारतीय तेच.

शहरात इन्क्लाइन म्हणजे डोंगरावर दोरीने चढणारे जुने डबे आहेत. ड्यूकेन इन्क्लाइन १८७७ चं. संध्याकाळी वर जा, दोन नद्या मिळून ओहायो कशी होते ते वरून दिसतं. डाउनटाउन ते मैदान हा हलक्या रेल्वेचा टप्पा मोफत आहे. पेन हिल्सचं श्री वेंकटेश्वर मंदिर १९७० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या पारंपरिक मंदिरांपैकी एक. तिथे पुलिहोरा (चिंचेचा भात) आणि दहीभात मिळतो. चार-पाच दिवस बाहेरचं खाऊन कंटाळलेल्या आजीला यानंतर पुढचा प्रवास सोपा जातो.

क्लीव्हलंडला बेसबॉलशिवाय काय आहे?

क्लीव्हलंड कला संग्रहालय, आणि तेही मोफत. तिथला चोळकालीन नटराज समोरून बघा, मग मागून बघा, घाई करू नका. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम तरुण मुलांना आवडतं. वेस्ट साइड मार्केट १९१२ चं, फळं आणि ताजी भाजी तिथे घ्या.

मैदानाजवळच्या होप मेमोरियल पुलावर दगडी रक्षक उभे आहेत, त्यांच्यावरूनच २०२२ पासून संघाचं नाव गार्डियन्स झालं. आणि इथे मुलांशी एक गोष्ट बोलायलाच हवी. १९४७ पर्यंत कित्येक दशकं मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना जागाच नव्हती. त्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरले आणि जुलैत लॅरी डोबी क्लीव्हलंडकडून. रॉबिन्सन यांचा ४२ क्रमांक आता कोणत्याच संघाचा खेळाडू कायमचा घेऊ शकत नाही. प्रत्येक मैदानात तो आकडा कुठे लावलाय ते शोधायचं काम मुलांना पहिल्या दिवसापासून द्या.

डेट्रॉइटला एक दिवस पुरेल?

नाही, दोन ठेवा. कोमेरिका पार्कमध्ये वाघांच्या झुल्याचं चक्र आहे आणि बेसबॉलच्या आकाराच्या डब्यांचा पाळणा आहे, त्यामुळे लहानांचा सामना तिथेच होतो. पण खरा ऐवज डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड संग्रहालय. कृष्णवर्णीय रोझा पार्क्स गोऱ्या प्रवाशासाठी ज्या बसमध्ये जागेवरून उठल्या नाहीत ती बस तिथे आहे आणि तिच्यात चढून बसता येतं. क्लीव्हलंडला सुरू झालेलं बोलणं इथे पुढे जातं. शेजारच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये राइट बंधूंचं सायकलचं दुकान आणि एडिसन यांची प्रयोगशाळा आहे. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी तिथे १८६७ च्या नियमांनी, हातमोजे न घालता बेसबॉल खेळतात. आधुनिक मैदानं पाहून झाल्यावर हे बघाच.

शाकाहारी माणसाने मैदानात काय खायचं?

उपाशी राहावं लागत नाही. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा टरफलांसकट पिशवीत मिळतात, आणि टरफलं पायाशी टाकायची रीतच आहे. शिवाय पॉपकॉर्न, प्रेट्झेल, लसणाचे फ्राइज, पिट्सबर्गला बटाटा-चीज भरलेले पिरोगी, मिलवॉकीला तळलेले चीज कर्ड्स. व्हेजी डॉग पुष्कळ ठिकाणी असतो, पण तो त्याच तव्यावर भाजतात का ते विचारा. साधा हॉट डॉग बहुधा गोमांसाचा असतो. सिनसिनाटीच्या प्रसिद्ध 'चिली'त मांस असतंच.

घरचं आत नेता येतं का, हे मैदानागणिक बदलतं. काही ठिकाणी एकेकट्याचा डबा आणि बंद पाण्याची बाटली चालते, काही ठिकाणी फक्त पाणी. निघण्याच्या आदल्या दिवशी संघाचे नियम वाचा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, चिवडा हे गाडीत असावंच. मोटेलच्या खोलीत छोट्या कुकरमध्ये मऊ भात आणि मेतकूट-तूप झालं की मुलं शांत झोपतात.

कुठल्या बाजूला बसावं?

दुपारच्या सामन्यात सावली महत्त्वाची. नियमपुस्तकाची शिफारस अशी की होम प्लेटपासून पाहिलं तर मैदानाचं तोंड पूर्व-ईशान्येला असावं. रिग्ली आणि सेंट लुइस साधारण तशीच आहेत, त्यामुळे तिथे तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली लवकर येते. पण सिनसिनाटी, पिट्सबर्ग, डेट्रॉइट इथे नदी किंवा शहराचा देखावा समोर यावा म्हणून दिशा वेगळी आहे, तिथे तिसऱ्या बेसला ऊन तोंडावर येतं. कुठेही चालेल असं उत्तर हवं असेल तर होम प्लेटच्या मागे, वरच्या सज्जाच्या खाली येणाऱ्या शेवटच्या रांगा घ्या.

आजी-आजोबांसाठी कडेची खुर्ची घ्या, आणि सर्वांत वरचा मजला टाळा, पायऱ्या फार उभ्या असतात. व्हीलचेअर लागत असेल तर तिकीट काढतानाच तशी जागा निवडा.

मुलांना चेंडू लागेल का?

लागू शकतो, म्हणून होम प्लेट आणि डगआउटच्या मागे जाळी असते. लहान मुलं बरोबर असताना जाळीमागेच बसा, आणि फलंदाज उभा असताना फोनमध्ये बघू नका. प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याला मिळेल त्याचा, परत द्यायचा नसतो. अनेक मैदानांवर रविवारी सामन्यानंतर मुलांना बेसवरून पळू देतात. आमच्या मुलीला होम रनपेक्षा ते पळणं जास्त लक्षात आहे.

पाऊस आला तर?

थोडा वेळ थांबतात. पाच डाव झाले असतील तर सामना बहुधा ग्राह्य धरतात. सुरूच झाला नाही तर तिकीट पुढच्या तारखेला चालतं, पण तेव्हा तुम्ही पुढच्या राज्यात असता. म्हणून जो सामना मनापासून बघायचा आहे त्या शहरात दोन रात्री ठेवा आणि सामना पहिल्या रात्रीचा घ्या.

गाडी, टोल, कागदपत्रं?

ई-झेडपास घ्या, इलिनॉय, इंडियाना, ओहायो, पेनसिल्व्हेनिया सगळीकडे चालतो. तिकिटं फोनवरच असतात, म्हणून मैदानाकडे निघण्यापूर्वी फोन चार्ज करून घ्या आणि सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका. मोठ्या पाठपिशव्या हॉटेलवर ठेवा, बहुतेक मैदानांवर आकाराची मर्यादा आहे आणि काही ठिकाणी पारदर्शकच पिशवी लागते.

डेट्रॉइटमध्ये एक काळजी घ्या. नदीपलीकडे कॅनडा आहे आणि पुलाकडे किंवा बोगद्याकडे जाणारी चुकीची लेन धरली तर मागे वळता येत नाही. व्हिसावर असलेल्यांनी आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांनी पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद गाडीतच ठेवावेत, आणि 'ब्रिज टू कॅनडा' अशी पाटी दिसताच डाव्या-उजव्या लेनकडे नीट लक्ष द्यावं.

इतका वेळच नाही. चार-पाच दिवसांत काय करावं?

पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, डेट्रॉइट. तिन्ही शहरं तीन-तीन तासांच्या आत आहेत. पिट्सबर्गला दोन रात्री, बाकी दोन्हीकडे एकेक, आणि डिअरबॉर्नसाठी परतीचा अर्धा दिवस राखून ठेवा. रिग्ली फील्ड मग पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे करा, लाँग वीकएंड पुरतो.